उणे २२ अंशांत येणारा घाम आणि जाड जॅकेटचा उपयोग

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका शीतगृहाच्या शिफ्ट सुपरवायझरांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गोठवलेल्या मालाच्या खोलीत तापमान उणे २२ अंश असते. हमालांसाठी नवी जाड जॅकेटे घेतली असून ती उणे ३० अंशांपर्यंत चालतात, असे पुरवठादाराने सांगितले आहे. सकाळी पहिली गाडी भरताना सगळे जण उकडते अशी तक्रार करतात आणि जेवणानंतर तेच लोक, तेच जॅकेट घालून, हुडहुडी भरली म्हणून बाहेर येतात. पुरवठादार आता आणखी जाड जॅकेट घ्या म्हणतो. एका हमालाने जॅकेटच्या आतून प्लॅस्टिकचा रेनकोट घालायला सुरुवात केली आहे. आणि गेटवर असलेले निवृत्त सुभेदार सांगतात की चेन उघडी ठेवून काम करा, ज्यावर सगळे हसतात. यांपैकी कोणाचे ऐकावे?

सुभेदारांचे ऐकावे. त्यांनी हे बहुधा बर्फातल्या नेमणुकीत शिकलेले असणार, आणि ते का बरोबर आहे हे समजावून सांगण्यासाठीच हे उत्तर थोडे लांबवतो आहे. मी वस्त्र अभियंता आहे. इचलकरंजीच्या कापडधंद्यात सुरुवात करून पुढे दुग्धप्रक्रिया, आइस्क्रीम आणि मांस-मासळी साठवणाऱ्या उद्योगांतील कामगारांच्या कपड्यांचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि सकाळचे उकडणे व दुपारचे काकडणे या दोन तक्रारी मला जवळजवळ नेहमी जोडीनेच भेटल्या आहेत. त्या दोन स्वतंत्र तक्रारी मानल्या की उपाय चुकतो. सकाळी जो घाम कपड्यांत गेला, तोच दुपारी थंडी वाजवतो. तेव्हा जॅकेट पुरेसे जाड आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवून जॅकेट दुपारी किती ओले असते, हे आधी पाहायला हवे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. तुमच्या खोलीत पंख्यांचा झोत किती जोरात आहे, एक माणूस सलग किती वेळ आत थांबतो, खोकी हाताने उचलली जातात की पॅलेट ट्रॉलीने ओढली जातात, एका जॅकेटवर दोन पाळ्या चालतात का, यांवर आकडे बरेच बदलतात. फोर्कलिफ्टवर बसून राहणारा चालक आणि पाठीवर पोती वाहणारा हमाल एकाच खोलीत असले तरी त्यांना एकच कपडा देणे चुकीचे आहे. खाली मी हमालाचाच विचार केला आहे.

कपड्याची ऊब म्हणजे त्याच्यात अडकलेली स्थिर हवा. तंतू फक्त ती हवा धरून ठेवण्याचे काम करतात. स्थिर हवेची उष्णतावाहकता दर मीटर-केल्व्हिनला सुमारे ०.०२५ वॅट आहे, पाण्याची सुमारे ०.६, म्हणजे चोवीस पट, आणि बर्फाची सुमारे २.२. म्हणून वॅडिंगमधल्या, म्हणजे जॅकेटच्या अस्तर आणि बाहेरच्या कापडामध्ये भरलेल्या तंतूंच्या थरातल्या, हवेच्या जागी थोडे जरी पाणी शिरले तरी उष्णतेला बाहेर जायला वाट मिळते. त्यातच ओले वॅडिंग जड होऊन खाली बसते, तंतू एकमेकांना चिकटतात आणि जाडीच कमी होते. खोके छातीशी धरून चालणाऱ्या माणसाच्या जॅकेटचा पुढचा भाग तर दाबलाही जातो. मात्र केवळ या वाहकतेने दुपारच्या थंडीचा पूर्ण हिशेब लागत नाही. त्यासाठी घाम येतो किती आणि तो वाळताना काय करतो, हे पाहावे लागते.

कपड्याचा रोध, म्हणजे उष्णता अडवण्याची त्याची क्षमता, मोजण्यासाठी ‘क्लो’ हे एकक वापरतात. ते गॅग, बर्टन आणि बॅझेट यांनी १९४१ मध्ये मांडले आणि एक क्लो म्हणजे ०.१५५ चौरस मीटर-केल्व्हिन प्रति वॅट. तुमच्या जाड जॅकेट-पँटच्या जोडीचा, आतले कपडे आणि बाहेरचा हवेचा थर धरून, एकूण रोध ०.४ आहे असे मानू, म्हणजे सुमारे २.६ क्लो. त्वचा ३२ अंशांवर आणि खोली उणे २२ अंशांवर, म्हणजे फरक ५४ अंशांचा. ५४ ला ०.४ ने भागले की दर चौरस मीटरला १३५ वॅट उष्णता कोरड्या मार्गाने बाहेर जाते. आता गाडी भरणारा हमाल दर चौरस मीटरला सहज २०० वॅट उष्णता निर्माण करतो. त्यातले वीसेक वॅट थंड कोरड्या हवेतल्या श्वासावाटे जातात, असे धरले तरी १८० उरतात आणि बाहेर पडतात फक्त १३५. उरलेले ४५ वॅट, शरीराचे क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर धरले तर एकूण सुमारे ७५ वॅट, शरीराला कुठेतरी टाकावेच लागतात, आणि ते टाकण्याचा त्याच्याकडे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४३० जूल उष्णता घेतो. त्या हिशेबाने तासाला ११० ग्रॅमच्या आसपास घाम लागतो. हा किमान आकडा आहे, कारण तो प्रत्येक थेंब त्वचेवरच वाळतो असे गृहीत धरून काढला आहे, आणि बंद जॅकेटच्या आत तसे होत नाही.

आता पुरवठादाराचा सल्ला मानून रोध ०.५ पर्यंत वाढवा. कोरडी उष्णता १०८ वॅटवर येते, शिल्लक ७२ वॅट होते आणि लागणारा घाम तासाला १८० ग्रॅमवर जातो. जॅकेट पाव हिश्श्याने उबदार केले आणि घाम दीडपटीहून अधिक वाढला. जाड जॅकेटने दुपारची थंडी का वाढते, ते या एका हिशेबात आहे. पुरवठादार खोटे बोलतो आहे असे मी म्हणत नाही. उभ्या माणसाला जाड जॅकेट नक्कीच जास्त वेळ पुरेल. पण तुमची माणसे उभी नसतात.

हा घाम जातो कुठे? त्वचेवरून निघालेली वाफ बाहेरच्या थंड, कोरड्या हवेकडे ओढली जाते. ३५ अंशांच्या हवेत घनमीटरमागे सुमारे ४० ग्रॅम वाफ मावते, उणे २२ अंशांच्या हवेत एक ग्रॅमही मावत नाही. जॅकेटच्या आतल्या अस्तरापासून बाहेरच्या कापडापर्यंत तापमान पायरीपायरीने उतरत जाते, आणि ज्या थरात वाफेला धरून ठेवणे हवेला जमत नाही, त्या थरात तिचे पाणी होते. आणखी बाहेर गेले की हिम. हे पाहायचे असेल तर पाळी संपताना एखाद्या जुन्या, टाकाऊ जॅकेटची खालच्या पट्टीची शिलाई खोलीच्या दारातच उसवा. अस्तर ओलसर लागेल, वॅडिंगचा आतला भाग बऱ्यापैकी कोरडा वाटेल आणि बाहेरच्या कापडाच्या आतल्या अंगाला, विशेषतः पाठीवर आणि काखेजवळ, पिठासारखा पांढरा थर बोटाला लागेल. माणूस बाहेर चहाला आला की तो थर पाच-सात मिनिटांत वितळतो आणि पाणी वॅडिंगमध्ये उतरते. मग तो पुन्हा आत जातो. असे दिवसातून अनेकदा होते.

जॅकेटवर ‘श्वास घेणारे कापड’ असे लिहिलेले असते, त्यामुळे हे टळेल असे अनेकांना वाटते. अशा कापडाला आतून वाफ जाऊ देणारा पातळ पडदा जोडलेला असतो आणि त्यातून वाफ जाते हे खरे, पण वाफ त्या कापडापर्यंत वाफेच्या रूपात पोहोचली तर. गोठणबिंदूच्या खाली ती आधीच आत कुठेतरी थिजलेली असते, आणि पडद्याच्या आतल्या अंगावर हिमाचा थर बसला की पुढच्या वाफेलाही अडथळा होतो. पावसात डोंगर चढणाऱ्याला हे कापड जितके कामाला येते, तितके उणे २२ अंशांत येत नाही. त्यासाठी दुप्पट पैसे देऊ नका.

आता दुपारचे काकडणे. जेवणापूर्वी हमालाचा सुती बनियन आणि शर्ट मिळून २०० ग्रॅम पाणी धरून आहेत असे माना. घामाघूम माणसाच्या बाबतीत हा आकडा मुळीच जास्त नाही. ते वाळायला सुमारे ४ लाख ८६ हजार जूल लागतात. ते एका तासात वाळले तर सरासरी १३५ वॅट होतात. शांत बसलेले माणसाचे शरीर सगळे मिळून १०० वॅटच्या आसपास उष्णता निर्माण करते. म्हणजे जेवून बसलेल्या, किंवा आत जाऊन पुढच्या गाडीची वाट पाहत उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगावरचा ओला बनियन त्याच्या शरीरात तयार होणाऱ्या उष्णतेहून जास्त उष्णता मागतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हा माणूस गार होतो; फरक इतकाच की माठ बाहेरच्या हवेकडूनही उष्णता घेतो आणि इथे बनियन थेट त्वचेला चिकटलेला असल्यामुळे बहुतेक सगळी उष्णता शरीराकडूनच येते. काम थांबले की शरीरातली उष्णतेची निर्मिती काही मिनिटांत खाली येते, पण कपड्यातली ओल पुढे तासभर वाळत राहते. घाम येत असताना थंडी वाजत नाही आणि घाम थांबल्यावर वाजते, याचे कारण या वेळेच्या अंतरात आहे.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. वाफ त्वचेवरून उष्णता घेऊन निघते, बाहेरच्या थंड थरात थिजताना ती उष्णता तिथेच सोडते, आणि तिथून ती शरीराला काही उपयोगाची न राहता खोलीत निघून जाते. झालेले पाणी कापडातून पुन्हा आत झिरपले तर तेच पाणी दुसऱ्यांदा वाफ होऊन आणखी उष्णता नेऊ शकते. त्यामुळे थंडीत कपड्यातून किती वाफ बाहेर गेली, एवढेच मोजून उष्णतेचा अंदाज काढला तर तो कमी येतो. लफबरो विद्यापीठाचे जॉर्ज हॅव्हेनिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे मोजून दाखवले. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा, की बाहेरून कोरडे दिसणारे जॅकेटसुद्धा आतल्या आत बरीच उष्णता गमावत असू शकते.

‘उणे ३० पर्यंत चालते’ या वाक्याबद्दलही बोलायला हवे. थंडीपासून संरक्षण देणाऱ्या पोशाखासाठी ईएन ३४२ हे युरोपीय मानक वापरतात. त्यात पोशाखाचा रोध तापवलेल्या पुतळ्यावर मोजतात, आणि तो पोशाख कोरडा असतो. त्या रोधावरून तापमान काढायचे तर काम किती जड आणि वेळ किती, हे दोन्ही सांगावे लागते. एकाच पोशाखासाठी हलके काम आणि मध्यम काम यांत पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो. कामाच्या जोरावरून लागणारा रोध काढण्याची पद्धत आयएसओ ११०७९ या मानकात आहे. त्यामुळे पुरवठादाराला पुढच्या वेळी एवढेच विचारा: हा आकडा कोणत्या कामासाठी, किती तासांसाठी आणि रोधाचे मोजमाप कुठे आहे? उत्तर मिळाले नाही तर तो आकडा विक्रीचा समजा.

कोल्हापूरच्या हवेचा एक खास त्रास आहे, जो थंड देशांत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही. पावसाळ्यात बाहेर २५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो, सुमारे २२ अंश असतो. हमाल उणे २२ मधून लोडिंगच्या फलाटावर येतो तेव्हा त्याच्या जॅकेटचे बाहेरचे कापड गोठणबिंदूच्या बरेच खाली असते. बाहेरच्या हवेतली वाफ त्यावर लगेच बसते आणि काही मिनिटांत जॅकेट बाहेरूनही ओले दिसू लागते. म्हणजे आत असताना घामाने आणि बाहेर आल्यावर हवेने, असे जॅकेट दोन्ही बाजूंनी भिजते. जुलै-ऑगस्टमध्ये तक्रारी वाढतात त्या यामुळे. तुमची नवी जॅकेटे हिवाळ्यात घेतलेली असतील, तर खरी परीक्षा अजून व्हायची आहे.

आता करायचे काय. पहिली गोष्ट सवयीची आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. पहिली पाच-दहा मिनिटे अंगाला जरा गार वाटेल इतकेच कपडे घालून काम सुरू करायचे, आणि घाम दिसण्याच्या आधी मोकळे व्हायचे. माल उचलायला लागण्यापूर्वीच कानटोपी वर सरकवावी, गळ्याची चेन छातीपर्यंत उघडावी, मनगटाच्या पट्ट्या सैल कराव्यात. काम थांबले, की हे सगळे लगेच बंद करायचे, गार वाटायची वाट पाहायची नाही. सुभेदार हेच सांगत आहेत. उंच बर्फातल्या सैनिकाला वर चढताना आणि चौकीत थांबल्यावर वेगवेगळे कपडे लागतात, हे ओळखूनच संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने, म्हणजे डीआरडीओने, तीन थरांची शीतपोशाख प्रणाली तयार केली, जिचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२१ मध्ये पाच भारतीय कंपन्यांना देण्यात आले. ती अधिक १५ पासून उणे ५० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी आहे, आणि त्या पल्ल्यात कोणते थर घालायचे हे तापमानाबरोबर कामाच्या जोरावरही ठरते. तुमच्या माणसांना त्या पोशाखाची गरज नाही. त्यातले थर वेगळे करण्याचे तत्त्व मात्र जसेच्या तसे लागू पडते.

म्हणून दुसरी गोष्ट: एका जाड जॅकेटऐवजी दोन पातळ थर घ्या. आत फ्लीसचा अंगाला बसणारा कोट आणि बाहेर मध्यम वॅडिंगचे जॅकेट, ज्याला दोन्ही टोकांनी उघडणारी चेन आणि काखेखाली हवा जायला उघडझाप करता येणारी फट आहे. माल चढवताना एकच थर, मोजणी आणि तपासणी करताना दोन्ही. चेनचा हूक हातमोजा घालून पकडता येईल एवढा मोठा असावा. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे, पण हूक लहान असेल तर हातमोजा काढण्याचा कंटाळा म्हणून कोणीही चेन उघडत नाही आणि सगळा उपदेश वाया जातो.

तिसरी गोष्ट बनियनची. सुती बनियन या कामाला नको. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. आणि घामात भिजल्यावर कापूस स्वतःच्या वजनाएवढे किंवा अधिक पाणी धरून त्वचेला चिकटून राहतो. पॉलिएस्टरचा खेळाडू वापरतात तसा विणीचा बनियन घाम त्वचेवरून उचलून पुढच्या थराकडे देतो आणि स्वतः लवकर वाळतो. लोकर सर्वांत चांगली, कारण ती वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ ओली न वाटता सामावून घेते, पण तिची किंमत आणि धुण्याची काळजी पाहता हमालांच्या रोजच्या वापराला मी पॉलिएस्टरच सुचवतो. त्याला वास लवकर लागतो, तेव्हा रोज धुतलेला द्यावा. एक अपवाद कटाक्षाने पाळा: वेल्डिंग करणाऱ्या किंवा विजेच्या पॅनेलवर काम करणाऱ्या देखभाल कर्मचाऱ्याला अंगाशी पॉलिएस्टर देऊ नका, ते वितळून त्वचेला चिकटते. त्याच्यासाठी लोकर किंवा आगरोधक कापडच.

रेनकोट घालणाऱ्या भाऊंची कल्पना दिसते तितकी वेडगळ नाही. त्वचेजवळ वाफ अडवली तर बाहेरचे वॅडिंग कोरडे राहते, आणि ध्रुवीय प्रवासात झोपण्याच्या पिशवीत व बुटांत हा उपाय खरोखर वापरतात. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांसाठी काढलेल्या बुटांत ऊब देणारा थर रबराच्या दोन थरांमध्ये बंद केलेला असे, त्यामुळे पाय घामेजले तरी ती ऊब भिजत नसे आणि सैनिक नुसते मोजे बदलत. पण हा उपाय कमी हालचाल करणाऱ्याला किंवा पायापुरता ठीक आहे. तासाला दीडशे ग्रॅम घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगावर रेनकोट असला, की घामाला वाळायलाच जागा राहत नाही, शरीर तापत जाते आणि म्हणून घाम आणखी येतो. तो बाहेर येऊन रेनकोट काढतो तेव्हा चिंब शर्टावरची सगळी ओल एकदम वाळू लागते. त्याला तो थांबवायला सांगा, आणि हवे तर हा परिच्छेद वाचून दाखवा.

चौथी गोष्ट वाळवण्याची. माझ्या मते तुमच्या शीतगृहात सगळ्यात मोठा फरक हीच पाडेल, आणि नेमकी हीच कोणी करत नाही. रात्री खिळ्याला टांगलेले वॅडिंगचे जॅकेट पावसाळ्यात सकाळपर्यंत वाळत नाही. हाताला अस्तर कोरडे लागते, मधले वॅडिंग ओलेच असते. दुसऱ्या दिवशी माणूस ओल्याच जॅकेटने सुरुवात करतो आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास येतो. एक छोटी बंद खोली घ्या, तिच्यात साधा हीटर आणि ओली हवा बाहेर टाकणारा पंखा बसवा, जॅकेटे चेन पूर्ण उघडून आणि अस्तर बाहेर करून रुंद हँगरवर अंतर ठेवून टांगा. चाळीस अंशांच्या आसपास उष्णता पुरते. हवा बाहेर जाण्याची सोय मात्र हवीच, नाहीतर तीच वाफ खोलीत फिरत राहते. हीटर कपड्यांपासून दूर आणि जाळीबंद असावा. दोन पाळ्या असतील तर दर माणशी दोन जॅकेटे लागतात. महाग नव्या जॅकेटऐवजी तेवढ्याच पैशांत दोन मध्यम जॅकेटे घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

त्याला जोडून एक बारीक सवय लावा. खोलीतून बाहेर पडण्याआधी, आतल्या दाराजवळ, मऊ ब्रशने जॅकेटवरचे हिम झटकायचे. ते तिथे भुकटी असते, एका फटकाऱ्यात पडते. दारातल्या प्लॅस्टिक पट्ट्यांच्या पडद्यापलीकडे पाऊल टाकले की त्याचे पाणी होते आणि मग ते काढता येत नाही. विश्रांतीची जागा फलाटावर न ठेवता एअर कंडिशनरने हवा कोरडी केलेल्या खोलीत ठेवता आली तर दवाचा त्रासही बराच कमी होईल. तिथे जॅकेट अंगावर ठेवून बसू नये, काढून पसरून टांगावे. जेवणाच्या सुट्टीत बनियन बदलण्याची सोय करा. दुपारच्या हुडहुडीवर माझ्या अनुभवात यापेक्षा स्वस्त उपाय नाही. पायांनाही हेच लागू आहे: गमबुटांतले सुटे तळवे आणि नमद्याचे अस्तर रोज काढून वाळवावे, आणि मोजे जेवणानंतर बदलावेत. हातमोज्यांच्या आतल्या पातळ मोज्यांच्या दोन जोड्या असाव्यात.

जॅकेट धुताना सॉफ्टनर घालू नका आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. साबणाचा अंश राहिला की बाहेरच्या कापडाचा पाणी झटकण्याचा गुण जातो आणि दव थेट आत शिरते.

हे सगळे करूनही मूळ प्रश्न मोजमापाने सोडवावा, अंदाजाने नको. दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा पार्सलचा काटा घ्या. प्रत्येक माणसाचे बनियन, मधला थर, जॅकेट आणि पँट पाळीच्या आधी, जेवणाच्या वेळी आणि शेवटी वेगवेगळे तोला. बनियनमध्ये पाणी जास्त असेल तर चेन आणि बनियन यांवर काम करा. जॅकेटमध्ये जास्त असेल आणि बनियन कोरडा असेल तर वाफ बाहेर जाऊन थिजते आहे किंवा दव बसते आहे. सकाळचे वजन नव्या जॅकेटच्या वजनापेक्षा वाढतच चालले असेल तर वाळवण्यात खोट आहे. जॅकेटच्या वजनात दीडशे-दोनशे ग्रॅमची वाढ दिसली तर माझ्या दृष्टीने ते जॅकेट त्या दिवसापुरते बदलायला हवे.

थंडीतल्या धोक्याबद्दल दोन वाक्ये. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की अवस्था गंभीर असते. कापणारा माणूस अचानक कापायचा थांबला, बोलताना अडखळू लागला किंवा हातातून वस्तू सुटू लागल्या, तर त्याला लगेच बाहेर आणून ओले कपडे काढावेत, कोरडे पांघरूण द्यावे आणि डॉक्टरांना बोलवावे. दमा, हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या व्यक्तीला आत पाठवायचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे. आणि घाम येतो म्हणून पाणी कमी पिऊ देऊ नका, कारण थंडीत तहान कमी लागते पण शरीरातले पाणी जातच असते.

निदान तीन दिवसांची वजने, खोलीतले पंखे चालू असतानाचे तापमान, आणि एक माणूस सलग किती वेळ आत असतो, एवढे कळवा. आताच्या आकड्यांवरून मी नवे जॅकेट घ्या असे म्हणणार नाही. पण वजने पाहिल्यावर कोणता थर बदलायचा आणि कोणता आहे तसा चालेल, हे नेमके सांगता येईल.